हरकतवाल्या बाईंच्या ब्लॉगचं बारसं

खरं सांगा, आजवर तुम्ही जे काही लिहिलंत, त्यातल्या कशाखाली तुमचं स्वतःचं नाव आहे? बँकेतली सही धरायची नाही. वाढदिवसाच्या कार्डावरची तर मुळीच नाही. जे वाचून कुणी तुमच्यावर चिडेल, तुम्हाला हसेल, असं काही लिहून त्याखाली पूर्ण नाव घातलंय कधी? नसेल घातलं, तर इर्मट्राउड कोझलिकला हसू नका. तिला हसायचा हक्क आमच्या गल्लीचा आहे, आणि तो आम्ही पुरेपूर बजावला आहे.

रुहर खोऱ्यातल्या, जुन्या कोळसाखाणींच्या आमच्या वस्तीत तिला सगळे ट्राउडी म्हणतात. साठी ओलांडलेली, बुटकी, रुंद खांद्यांची, आणि नाकावर चष्मा असा की समोरच्याला वाटावं, आपल्यातच काहीतरी चूक सापडली आहे. बाप खाणीत, आई धुलाईकेंद्रात. शाळा लवकर सुटली. पुढं निम्मं आयुष्य काचेच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून तडा गेलेल्या बरण्या बाजूला काढण्यात गेलं. कारखाना बंद पडला तेव्हा तिनं घरभाड्याच्या मदतीसाठी शहराच्या कचेरीत अर्ज केला, आणि कचेरीचं उत्तर आलं. तिला काय मिळणार नाही हे त्यात अशा भाषेत लिहिलं होतं की वाचताना वाटावं, बहुतेक मिळणारच आहे. ट्राउडी भडकली. तिला भडकायला एवढंही लागत नाही. तिनं बसल्या बैठकीला सहा पानं खरडली. बापाच्या फुप्फुसांपासून सुरुवात केली, वाटेत कारखान्याच्या मालकाला घेतलं आणि शेवटी कचेरीतल्या लोकांच्या आयांपर्यंत पोचली. प्रकरणाचा क्रमांक घालायचा तेवढा राहिला. कचेरीनं उलट विचारलं: आपलं पत्र कोणत्या प्रकरणाबाबत आहे, ते कृपया कळवावं.

त्या एका ओळीनं ट्राउडीला लेखिका केलं.

तिनं सहा पानं फाडली आणि एक लिहिलं. वर क्रमांक, खाली नाव, मध्ये फक्त एवढंच की कचेरीचं कुठलं म्हणणं तिला मान्य नाही आणि का. मदत मिळाली. शेजारणीला कळलं, शेजारणीच्या भावाला कळलं, आणि मग कोपऱ्यावरच्या हिकमतच्या टपरीबाहेर, उभ्यानं कॉफी प्यायच्या त्या उंच टेबलाशी ट्राउडीचं दुकानच सुरू झालं. हिकमत ताज्या पावांबरोबर वर्तमानपत्रं विकतो, बिअर विकतो, पोरांना सुट्या गोळ्या मोजून देतो, आणि सगळ्यांची भांडणं फुकट ऐकतो. तिथं सकाळी माणसं हातात पाकीट घेऊन उभी राहायची. ट्राउडी पत्र वाचायची, मग ते आणणाऱ्याला झापायची, मग लिहून द्यायची.

"नाव घाल खाली. पूर्ण घाल. हे काय, नुसतं आद्याक्षर?"

"पण ट्राउडी, त्यांना कळेल ना मी लिहिलंय ते."

"कळायलाच पाहिजे! निनावी कागद कचऱ्यात जातो. लाज वाटत असेल तर हरकत घेऊ नकोस, घरी जाऊन रडत बस."

अशी ती लोकांना त्यांची नावं लिहायला लावत आली. गल्लीतल्या निम्म्या बिऱ्हाडांच्या नावावर आज ट्राउडीचं लिखाण आहे. ट्राउडीच्या नावावर, त्या पहिल्या अर्जानंतर, एक ओळ नाही.

त्याला कारण होती मारायके, तिची एकुलती एक लेक. मारायके शिकली, हुशार निघाली, आणि ट्राउडीच्या नशिबाची गंमत अशी की नोकरीला लागली ती नेमकी शहराच्या कचेरीत, घरभाड्याच्या मदतीच्याच खात्यात. ज्या पत्रांवर आई टपरीवर दात ओठ खायची, ती पत्रं लेक टेबलावरून पाठवायची. दोघींनी मग एक करार केला, कागदावर नाही, रविवारच्या केकवर. घरात कचेरीचा विषय काढायचा नाही. आईनं कुठल्याही कागदावर स्वतःचं नाव येऊ द्यायचं नाही. आणि आईच्या गल्लीतलं प्रकरण आलं की लेकीनं ते शेजारच्या टेबलावर सरकवायचं. कोझलिक हे नाव आमच्या शहरात काही ढीगभर लोकांचं नाही. उगाच पोरीच्या बढतीत खडा नको.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ट्राउडीचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरनं उभं राहायला मनाई केली, आणि हिकमतच्या टेबलाशी तर उभंच राहावं लागतं.

"ताई, तू रोज तेच तेच सांगतेस," हिकमत म्हणाला. तो तिच्याहून बराच लहान, पहिल्या दिवसापासून तिला ताईच म्हणतो. "क्रमांक वर घाल, नाव खाली घाल, रडगाणं मध्ये घालू नको. एकदाच लिही ना. ब्लॉग काढ. पत्र कसं लिहायचं याचा ब्लॉग. लोक घरी बसून वाचतील, तू घरी बसून शिव्या दे."

"मी ब्लॉग? माझं काचेच्या कारखान्याचं शिक्षण."

"तडा कुठं गेलाय ते दिसतं ना तुला? झालं तर."

त्या दिवसापासून ट्राउडी कामाला लागली. घरी वह्यांमागून वह्या भरल्या. पत्र हातात आलं की आधी काय करायचं, रागाच्या भरात लिहिलेला मजकूर कुठं ठेवायचा, "मी अत्यंत व्यथित झाले आहे" हे वाक्य का खोडायचं. लिखाण झरझर होत होतं. अडलं ते नावाशी. ब्लॉगला नाव काय द्यायचं? तिला मनातून स्वतःचंच हवं होतं. एवढं आयुष्य दुसऱ्यांच्या सह्यांनी लिहिलं, एकदा तरी आपलं नाव छापलेलं बघावं, असं तिला वाटत होतं. पण मारायकेला दिलेला शब्द होता. म्हणजे नाव असं हवं की त्यात ट्राउडी असावी आणि कुणाला दिसू नये.

टपरीवर मग बारशाची बैठक बसली. म्हणजे हिकमत खिडकीच्या आत, ट्राउडी बाहेर बिअरच्या उलट्या क्रेटवर, आणि तिच्या शेजारी एवाल्ड. एवाल्ड हा आमच्याकडचा शेवटच्या पिढीतला खाणकामगार. आता शर्यतीची कबुतरं पाळतो आणि उरलेला वेळ इतरांच्या कामावर पाळत ठेवतो.

"'कोळशाची शाई'," एवाल्ड म्हणाला. "कसं वाटतं?"

"भंगार."

"'शेवटची पाळी'? 'खाणीच्या तोंडून'?"

इथं ट्राउडीचं डोकं फिरणं स्वाभाविक होतं. आमच्याकडे खाणी बंद पडल्या आणि त्यांची नावं सुरू झाली. केस कापायच्या दुकानाचं नाव बोगद्यावरून, मोटार शिकवणाऱ्याचं खाणीत उतरायच्या पाळण्यावरून, आणि ज्यानं उभ्या जन्मात फावडं धरलं नाही त्याच्या पिझ्झाच्या दुकानावर खाणकामगाराचा कंदील. ट्राउडी क्रेटवरून अर्धी उठली.

"माझा बाप त्या भोकात फुप्फुसं ठेवून आला, एवाल्ड. मी त्याचा मुखवटा करून मिरवू? लोकांना पत्र लिहायला शिकवायचंय, बिअरचा ब्रँड नाही काढायचा."

"मग नावच देऊ नको," एवाल्ड फुरंगटला. "माझ्या कबुतरांना कुठं नावं आहेत? पायात क्रमांकाचं कडं आहे. तरी बरोबर घरी येतात."

"माझ्या वाचकांना पंख नाहीत."

हिकमतचं डोकं व्यापाऱ्याचं. "ताई, नाव असं पाहिजे की लोक शोधतील तेच. घाबरलेला माणूस यंत्रात काय टाइप करतो? 'कचेरीचं पत्र आलं काय करू'. तेच नाव ठेवू."

"हे नाव आहे की बोंब?"

"बोंबच शोधतात लोक."

मग 'सोप्या भाषेत' असं एक बरं नाव सुचलं. हिकमतनं शोधून पाहिलं, तर ते दक्षिणेकडच्या कुणा बाईंनी आधीच घेतलेलं. त्या बाई शनिवार-रविवार डोंगरातल्या हॉटेलात सोपं लिहायला शिकवायच्या आणि त्यांच्या पहिल्याच वाक्यात तीन स्वल्पविराम होते. ट्राउडीनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं, श्वास घेतला, परत वाचलं आणि म्हणाली, "ह्या बाईला घरभाड्याची मदत कधीच मिळणार नाही."

बैठका होत राहिल्या. पाव घ्यायला आलेली माणसंही नावं सुचवू लागली. आमच्याकडे माणसाला मत नाही असं होत नाही, आणि मत दिल्यावर तो वाट बघतो की आता त्याचंच घेतलं जाईल. एकानं आपल्या मेलेल्या मांजरीचं नाव सुचवलं आणि न घेतल्याचा राग धरून पाव दुसरीकडून आणू लागला. हिकमत वैतागला. शेवटी सुटका केली ती एका अनोळखी बाईनं. हातात पाकीट घेऊन ती खिडकीशी आली आणि विचारलं, "ती हरकतवाली बाई असते ना इथं? आज नाही का आली?"

क्रेटवर बसलेल्या ट्राउडीनं हिकमतकडे पाहिलं. हिकमतनं ट्राउडीकडे.

'हरकतवाल्या बाई'. झालं बारसं. नाव तिचंच होतं आणि कुणाचंच नव्हतं. मारायकेला दिलेला शब्दही राहिला, हौसही भागली. ट्राउडी इतकी खूश झाली की तिनं त्या बाईचं पत्र न झापता लिहून दिलं. असं घडल्याचं आमच्या आठवणीत नाही.

हिकमतनं दुकानातल्याच संगणकावर ब्लॉग उभा करायला घेतला. एकीकडे सिगारेटी देत, एकीकडे ट्राउडीची वही बघत बोटं चालवत होता. चालवता चालवता एक पान आलं. आमच्या देशात कुठलंही संकेतस्थळ इंटरनेटवर मांडलं की त्याच्यामागं कोण आहे हे सांगणारं एक पान लागतं. जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पत्ता. सगळे त्याला इम्प्रेसुम म्हणतात, आणि आपण सगळे ते न वाचता पुढं जातो.

"हे नंतर बघू," हिकमत म्हणाला.

"नंतर? मला बघू दे." ट्राउडीनं मान खिडकीत घातली. "इथं काय लिहिलंय? अनिवार्य. अनिवार्य म्हणजे अनिवार्य. रकाना रिकामा सोडला की कागद परत येतो, हे मी लोकांना सांगून सांगून घसा कोरडा केला, आणि माझाच रकाना रिकामा? लिही. इर्मट्राउड कोझलिक."

"ताई, पण..."

"पण नाही. दोन्ही लिही, नाव आणि आडनाव. मग रस्ता, हास्पेलश्ट्रासे. घर क्रमांक घाल. तिसरा मजला, डावीकडे. फोनही घाल, विचारलाय ना? बोळातला जिना अंधारा आहे, तेही लिहायला जागा आहे का?"

तेवढ्यात खिडकीशी एक शाळकरी घोळका आला आणि गोळ्या मोजण्यात हिकमतचं 'पण' तोंडातच राहिलं. नंतर तो म्हणाला की त्याला वाटलं, ताईला ठाऊक असेल.

ताईला ठाऊक नव्हतं. हे तुम्ही समजून घ्या. तिच्या डोक्यात असे रकाने वर कुठंतरी जातात. कुणी सरकारी माणूस ते वाचतो, खुणा करतो, खणात टाकतो. अनिवार्य रकान्यात लिहिलेलं जगातला कुठलाही रिकामटेकडा वाचू शकतो, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. नाव लपवण्यासाठी उन्हाळाभर डोकं खाल्लं आणि कायदा सांगतो म्हणून मजल्यासकट लिहून दिलं. असली चूक आमच्याच देशातला माणूस करू जाणे. चोरसुद्धा इथं रिकाम्या रस्त्यात लाल दिवा हिरवा होईपर्यंत थांबतो.

ब्लॉग सुरू झाला. पहिलाच लेख असा होता: "पत्र आलं की आधी बसा. उभ्यानं वाचाल तर पळून जावंसं वाटेल. आता तळ बघा. तिथं लिहिलंय, हे पत्र यंत्रानं तयार केलं असून सहीशिवाय ग्राह्य आहे. म्हणजे त्यांना सही लागत नाही. तुम्हाला लागते. राग येतोय? येऊ द्या. दुसऱ्या कागदावर सगळा लिहा. तो कागद मला नको, त्यांनाही नको. तो भांडी पुसायला वापरा. आता तिसरा कागद घ्या." लोकांना आवडला. एकानं दुसऱ्याला पाठवला. हिकमत रोज वाचकांचा आकडा बघून सांगायचा आणि ट्राउडी कॉफीच्या कपात बघत म्हणायची, "असेल." घरी गेल्यावर मात्र तो आकडा वहीत लिहून ठेवायची. पण मारायके दर रविवारी यायची, केक खायची, काहीच बोलायची नाही. म्हणजे तिला कळलेलं नाही, असं ट्राउडीनं ठरवलं.

मग एका दुपारी दाराची घंटा वाजली.

दारात एक उंच माणूस. छातीशी न फोडलेलं पाकीट. जिना चढून धापा टाकत होता.

"माफ करा हं. हरकतवाल्या बाई का आपण?"

ट्राउडीनं दार अर्धं लोटलं. "ती इथं राहत नाही."

"असं?" माणसानं घंटेशेजारची पाटी वाचली. "कोझलिक. बरोबर आहे की. तिसरा मजला, डावीकडे. तुम्हीच लिहिलंय, जिना अंधारा आहे म्हणून. बॅटरी आणली मी."

"कुठं लिहिलंय मी?"

"तुमच्या ब्लॉगवर. खाली, सगळ्यात शेवटी." तो जरा घाबरला. "दोन गाड्या बदलून आलोय बाई. फोन केला होता, लागला नाही."

ट्राउडीनं त्याला आत बसवलं, पाण्याचा ग्लास दिला, पाकीट फोडायला सांगितलं, आणि त्याला तिथंच सोडून ती घरातल्या सपाता घालून, दुखऱ्या गुडघ्यानं, रस्त्यावरून टपरीवर गेली. आमच्या गल्लीत ट्राउडी कोझलिक सपाता घालून रस्त्यावर दिसली याची चर्चा ब्लॉगपेक्षा जास्त झाली.

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"काय काढू?"

"माझं नाव! ते लोक वाचतात, हिकमत! माणसं वाचतात!"

हिकमतनं हात पुसले. "वाचणारच. त्यासाठीच असतं ते. ताई, मी म्हणत होतो ना तेव्हा, पण..."

"तू 'पण' म्हणालास! 'पण' म्हणजे काय सांगणं झालं?"

"काढतो. पण मग तो रकाना रिकामा राहील. कुणी तक्रार केली तर दंड. नाही तर ब्लॉगच बंद करावा लागेल." त्यानं गल्ला बंद केला. "किंवा माझं नाव घालू. माझी टपरी, माझा पत्ता. मला कोण काय करतंय?"

सोपा रस्ता होता. ट्राउडीनं मान डोलवायला सुरुवातही केली असेल. पण शेजारी एवाल्ड बसलेला होता, आणि तो असल्या वेळी गप्प बसला असता तर एवाल्ड कसला?

"घाल घाल," तो म्हणाला. "अख्खी गल्ली वापरून झाली. हिकमतची सही तेवढी राहिली होती."

ट्राउडीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं बिअरची बाटली मांडीआड घेतली. मग ती सपाता ओढत परत गेली, त्या माणसाचं पत्र मार्गी लावलं, आणि दार लावून घेतलं. आधी लेकीला सांगायचं, मग काय ते ठरवायचं. येत्या रविवारी.

रविवारी आलुबुखाराचा केक होता, वर फेटलेली साय. मारायकेनं पहिला घास घेतला आणि ट्राउडीनं काटा खाली ठेवला.

"मारायके, मी एक घोळ केलाय."

"माहीत आहे."

"कुठला ते तर ऐक."

"तिसरा मजला, डावीकडे." मारायकेनं साय चाटली. "आई, मला पहिल्या आठवड्यातच कळलं. आमच्या साहेबांनी तुझा पहिला लेख छापून कॉफीच्या खोलीत भिंतीवर लावलाय."

"शिव्या देतात मला?"

"शिव्या? खूश आहेत! आधी दहा पानी पत्रं यायची, त्यात मावशीचं आजारपण आणि शेजाऱ्याचा कुत्रा. आता एक पान येतं. क्रमांक वर, नाव खाली. साहेब म्हणतात, ह्या बाईला भेटलं पाहिजे. आमचं निम्मं काम तिनं वाचवलं."

ट्राउडीचा चेहरा बघण्यासारखा झाला. उभं आयुष्य ज्यांच्याशी भांडण्यात घातलं, ते खूश होते!

"म्हणजे मी त्यांची फुकटची कारकून झाले!"

"चांगली कारकून," मारायके हसली. मग हसू ओसरलं आणि ती ताटलीतले तुकडे एका बाजूला लोटू लागली. "ते काही नाही. पण मला बोलावलं होतं वर. आई हरकती लिहायला शिकवते आणि मुलगी हरकतींवर बसते, हे बरं दिसत नाही म्हणाले. खात्याची प्रमुख म्हणून माझंच नाव पुढं होतं ना. म्हणाले, एक तर आईला ते थांबवायला सांग, नाही तर दुसऱ्या खात्यात जा."

"मग?"

"मग काय. पहिल्या तारखेपासून मी कुत्र्यांच्या करात आहे."

"कुत्र्यांच्या?"

"लोक कुत्रा पाळतात, कर भरत नाहीत. भरायला सांगायचं. शांत खातं आहे. खिडकीतून झाड दिसतं."

"आणि ते प्रमुखपद?"

"गेलं. दुसऱ्याला दिलं."

ट्राउडी उठली. गुडघा कळवळला तरी उठली. "उद्या बंद करते. हिकमतला सांगते, सगळं पुसून टाक. तू जा, त्यांना सांग..."

"खबरदार!" मारायकेचा आवाज असा चढला की ट्राउडीला वाटलं, आपणच बोललो. "मी त्या कुत्र्यांत जाऊन बसले ती तू बंद करावंस म्हणून? मला विचारलं, थांबवतेस का आईला. मी म्हटलं, नाही. आता तूच थांबलीस तर माझं फुकटच गेलं की."

ट्राउडी परत बसली.

"आणि ते नाव बदल आधी," मारायके म्हणाली. "हरकतवाल्या बाई! कुणापासून लपतेस गं? अख्ख्या कचेरीला ठाऊक, गाड्या बदलून येणाऱ्या माणसांना ठाऊक. वर बुरखा आणि खाली पत्ता. मला तिथं विचारतात, तुझ्या आईला तुझी लाज वाटते का. काय सांगू मी?"

"तुझ्यासाठी लपवलं. आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी कुठं नाही म्हणते? पण खरं सांग, नुसतं माझ्यासाठी?"

ट्राउडीनं केककडे बघितलं. त्यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला आवडलं नाही. दुसऱ्याची सही असली की हरलं तर तो हरतो. आणि भाषेला हसलं कुणी तर त्याला हसतं. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायची सोय तिनंच ठेवली नव्हती. ती म्हणाली, "खा. साय पातळ होतेय." मारायके समजली आणि तिनं आणखी एक तुकडा घेतला.

सोमवारी ट्राउडी बूट घालून, नीट केस विंचरून टपरीवर गेली.

"हिकमत, नाव बदल ब्लॉगचं."

हिकमतनं कपाळाला हात लावला. "ताई, परत बैठक नको. गिऱ्हाईक तुटतं."

"बैठक नाही. इर्मट्राउड कोझलिक."

"पुढं?"

"पुढं काही नाही. तेवढंच."

"अगं, हे काय नाव झालं? काय आहे, कशाबद्दल आहे, काही कळत नाही. लोक शोधणार कसे?"

"पत्ता दिलाय ना."

"कंटाळवाणं आहे," एवाल्ड म्हणाला.

"असेल. माझं आहे." आणि ती क्रेटवर न बसता, डॉक्टरची मनाई धुडकावून, तिच्या त्या उंच टेबलाशी जाऊन उभी राहिली. हिकमतनं टाइप केलं. पडद्यावर ते नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात आलं तेव्हा तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाली, "अक्षर जरा लहान कर. ओरडल्यासारखं वाटतंय." हिकमतनं केलं. मग म्हणाली, "राहू दे. मोठंच कर."

आता या सगळ्याचं फळ काय, ते ऐका. मारायके कुत्र्यांच्या करात रुजू झाली त्याच महिन्यात तिच्या टेबलावर एक हरकत आली. एक पान, क्रमांक वर, पूर्ण नाव खाली, मध्ये एकाही मावशीचं आजारपण नाही. एका म्हाताऱ्या पूडल कुत्र्यावर चुकून दोनदा कर लागला होता. मारायकेला मुकाट्यानं माफी मागून कर परत करावा लागला, आणि त्या रविवारी केक तिनं स्वतः विकत आणला.

आणि ब्लॉग? जोरात आहे. हिकमत म्हणतो, सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान लिखाणाचं नाहीच. ते खाली सगळ्यात शेवटी असलेलं, मजला सांगणारं. ट्राउडीनं रात्रंदिवस खपून सांगितलं की स्वतः कसं लिहावं. लोकांनी त्यातून एवढंच घेतलं की लिहून देणारी कुठं राहते. तिच्या अंधाऱ्या जिन्यात हल्ली बॅटऱ्यांची रांग लागते, घरमालक कुरकुरतो, आणि ट्राउडी दार उघडून प्रत्येकाला विचारते, "लेख वाचलास?" तो म्हणतो, "वाचणार होतो." मग ती झापते, आणि मग लिहून देते, आणि तिचा गुडघा परत सुजतो.

म्हणून तुम्हाला, हे वाचणाऱ्याला, सरळ सांगणं आहे. हास्पेलश्ट्रासेला जायचं असेल तर जा, ती दार उघडेल. पण हात हलवत जाऊ नका. बसा, एक कोरा कागद घ्या, जे मान्य नाही ते एका वाक्यात लिहा. वाकडं लिहा, चुकीचं लिहा, पण तुमचं तुम्ही लिहा. तो कागद खिशात घाला, आणि मगच तिची घंटा वाजवा.